भेंडी कोणी मारली?

संपादकांचा फोन आला, "फौजेतले थरारक प्रसंग लिहा." मी म्हटलं, "साहेब, मी फौजेत चोवीस वर्षं स्वयंपाकी होतो. माझ्या नोकरीतला थरार म्हणजे जनरलसाहेब जेवायला बसलेत आणि डाळ करपली आहे, एवढाच." त्यांचा आवाज जरा पडला. मग मी सहज सांगितलं की आता गुरुग्राममध्ये आफ्रिकन जेवण रांधतो. ते एकदम म्हणाले, "अहो, मग तेच लिहा ना!" म्हणून लिहितो आहे. यात गोळी एकही सुटत नाही. भेंडी आहे, कडबा आहे, आणि माझ्या मालकिणीला कायमची परत घेऊन जायला आलेली सत्तरीची एक बाई आहे. तिच्यापुढे मी जितका ताठ उभा राहिलो, तितका कुठल्याही ब्रिगेडियरपुढे राहिलो नव्हतो.

मी दत्तात्रय, निवृत्त हवालदार, मूळचा माण तालुक्यातला. फौजेत जवानांच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. तिथे दोनशे माणसांच्या डाळीचं मीठ मी मुठीनं घालायचो आणि ते कधी चुकलं नाही. निवृत्तीनंतर गावी जायचं ठरलं होतं. पण मुलगी ऋतुजा छावणीतल्या शाळेत वाढलेली. तिला गावी नेलं की ती म्हशीला लांबूनच "हाय" करायची. तिचं कॉलेज होईपर्यंत थांबू म्हणून पालमला खोली घेतली, आणि अजून तिथेच आहोत.

फौजेतला एक जुना सोबती गुरुग्रामच्या एका टॉवरवर सुरक्षारक्षक होता. तो म्हणाला, "एका मॅडमना स्वयंपाकी पाहिजे. बाकीचे दोन दिवसांत पळून जातात." फौजी माणसाला एवढं आमंत्रण पुरतं.

या ग्रेस मॅडम. घाना देशातल्या कुमासी शहरच्या. नर्सिंग शिकायला दिल्लीत आल्या, काही वर्षं हॉस्पिटलात काम केलं, मग बाजारातल्या पहिल्या मजल्यावर, ड्रायक्लीनरच्या डोक्यावर, आठ टेबलांचं हॉटेल काढलं. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली. माझ्या हिंदीत दर दोन वाक्यांनी मराठी डोकावतं, त्यांच्या हिंदीत थेट दिल्लीचा रिक्षावाला बोलतो.

पहिल्या दिवशी त्यांनी शेंगदाण्याचा रस्सा करायला सांगितला. भाजलेल्या दाण्यांचं वाटण, टोमॅटो, आलं, मिरची आणि कोंबडी. मी मनात म्हटलं, माणदेशी माणसाला दाण्याचं कूट शिकवताय होय? झोकात रस्सा केला. मॅडमनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, उघडले.

"दत्ता जी, बहुत अच्छा है. लेकिन मीठा क्यों है?"

गुळाचा खडा! तो कधी टाकला हे मलाच आठवेना. काही गोष्टी हात परस्पर करतो, डोक्याला विचारत नाही.

"आदत है, मॅडम."

"आदत छोड़ दो, नौकरी पकड़ लो," त्या म्हणाल्या. झाली मुलाखत.

आता वाचकांना थोडं समजावून सांगतो, कारण माझ्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना वाटतं की मी गुरुग्राममध्ये जिराफ शिजवतो. आमच्याकडे पश्चिम आफ्रिकेचं जेवण मिळतं. शिवाय तिथली माणसं जहाजांतून बांधून जिथे जिथे नेली गेली, त्या ब्राझीलचं, अमेरिकेचं, कॅरिबियन बेटांचंही. त्या माणसांना बरोबर काही नेऊ दिलं नव्हतं. पण चव त्यांनी नेली. सोललेल्या चवळीचा वडा नायजेरियात आहे आणि समुद्रापलीकडे ब्राझीलमध्येही आहे. मॅडमनी हे सांगितलं त्या दिवशी मी वडे जरा जपून तळले. पुढे कळलं की हा वडा आमची शालन, म्हणजे माझी बायको, सालासकट करते. त्रिनिदादचे एक इंजिनियर आमच्याकडे यायचे. त्यांच्या बेटावरची भाजी म्हणून मॅडमनी जे शिजवायला सांगितलं, ते अळूचं फदफदं निघालं, फक्त चिंचेऐवजी नारळाचं दूध. मी म्हटलं, मॅडम, हे मी झोपेतही करीन.

घरी मात्र साबुदाण्यावरून भांडण झालं. घानात बांकू नावाचा एक गोळा खातात. मक्याचं आंबवलेलं पीठ आणि एका कंदाचं पीठ एकत्र करून, चुलीवर लाकडी दांडक्यानं घोटून घोटून तो करतात. दंडाला रग लागते. तो कंद दिल्लीत ताजा मिळत नाही. पण साबुदाणा त्याच कंदाचा होतो. मी साबुदाणा दळून मिसळला आणि मॅडम खूश झाल्या. शालनला हे कळलं नेमकं एकादशीला.

"अहो, उपासाचा साबुदाणा सुक्या माशाबरोबर?"

"त्या कंदाला काय माहीत कधी एकादशी आहे ते."

दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "कसा लागतो हो?"

गिऱ्हाइकांचे नमुने तर किती सांगावेत. जोलोफ म्हणजे टोमॅटो आणि मिरचीच्या वाटणात शिजवलेला लालभडक भात. टॉवरमधली मंडळी त्याला बिर्याणीच समजतात. फोन यायचा, "भैया, रायता साथ में आएगा ना?" मॅडम म्हणायच्या, "जोलोफ में रायता नहीं होता!" मग तक्रार यायची, बिर्याणी ठीक, रायतं विसरले. महिनाभर मॅडम लढल्या. शेवटी मी तळलेल्या पिकल्या केळ्याची दह्यातली कोशिंबीर केली, वर मोहरीची फोडणी. आता घानाचे विद्यार्थीसुद्धा जोलोफबरोबर तीच मागतात. फ्यूजन फ्यूजन म्हणतात ते असं, कुणीतरी हट्ट सोडला की होतं.

लातूरकडचा एक मुलगा यूपीएससीची तयारी करत होता. फॉर्मवर छंदाच्या रकान्यात त्यानं "जागतिक पाककला" लिहून ठेवलं होतं. तो वही घेऊन आला.

"काका, इंटरव्ह्यूला वीस दिवस राहिलेत, आणि मी वरण-भात सोडून काही खाल्लेलं नाही. वाचवा."

आम्ही त्याला रोज एक देश खाऊ घातला. तो घास गिळायचा, लिहायचा आणि विचारायचा, "काका, याचं भौगोलिक महत्त्व काय?" वीस दिवसांत चार किलो वजन वाढवून तो इंटरव्ह्यूला गेला. तिथे छंदाबद्दल कुणी एकही प्रश्न विचारला नाही. त्याची निवड झाली, पण ते दुःख त्याला अजून आहे.

आता भेंडी.

मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं झाली होती. सगळं मी करायचो, फक्त भेंडीचा रस्सा त्या स्वतः करायच्या. "आप बस काट दो," म्हणायच्या. मी भेंडी कापून द्यायचो आणि बाजूला उभा राहून मनात हळहळायचो. कारण बाईला भेंडी अजिबात जमत नव्हती. ओली भेंडी, अगदी बारीक चिरलेली, थेट पाण्यात. वर चिमूटभर सोडा. मग लाल पाम तेल, वांगी, सुका मासा, आणि पळीनं फेटत राहायचं. व्हायचं काय? तारच तार. पळी उचलली की छतापर्यंत. गिऱ्हाईक बांकूचा तुकडा त्यात बुडवायचं, हात वर न्यायचं, बोटानं तार गोल फिरवून तोडायचं. मला वाटायचं, बिचारे काय सोसतात मालकिणीसाठी.

आपल्याकडे भेंडी म्हणजे काय व्रत असतं, ते मराठी माणसाला सांगायला नको. आदल्या दिवशी धुवायची, फडक्यावर पसरायची, एकेक पुसायची, सुरीसुद्धा कोरडी हवी, वर आमसूल किंवा लिंबू. एक तार दिसली तर सासू सुनेकडे बघते. माझ्या आईनं मला फौजेत जाताना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, पत्र लिहीत जा आणि भेंडी पुसून घे. पण मालकिणीची चूक तोंडावर कशी दाखवायची, म्हणून मी गप्प होतो.

आणि मग एका सोमवारी मॅडम काउंटरला टेकून म्हणाल्या, "दत्ता जी, कल मां आ रही हैं."

अकरा वर्षांत आई पहिल्यांदा येत होती. कुमासीत त्या आईची खाणावळ. चाळीस वर्षं स्वतः बांकू घोटणारी बाई. मी म्हटलं, वा, आनंदाची गोष्ट. मॅडमचा चेहरा मात्र उतरलेला.

"वो दो टिकट लेकर आ रही हैं वापसी के. एक मेरे नाम का. अगले सोमवार का."

"और आप?"

"मुझे नहीं जाना. लेकिन मां को मना कैसे करूं? वो कहती हैं, तू वहां अकेली है, खाना भी अपना नहीं बना पाती होगी. एक बार यहां का खाना उन्हें सही लगे, तो शायद..."

मला त्या वेळी काय वाटलं ते सरळ सांगतो. मला भीती वाटली. नोकरी दुसरी मिळाली असती. पण चोवीस वर्षं मला फक्त "मीठ कमी घाल, मिरची जास्त घाल" एवढंच ऐकवलं गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रोज विचारत होतं, "दत्ता जी, आपको क्या लगता है?" ते जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम विमानतळावर जाताना म्हणाल्या, "भिंडी काट के रखना, मैं आकर बनाऊंगी." आणि माझ्यातला फौजी जागा झाला. म्हटलं, बाईंची इज्जत आज आपल्या हाती. यांची ती तारेची भेंडी आईसमोर गेली तर संपलंच. आपण करून ठेवू.

मी दीड किलो भेंडी एकेक पुसली. मोठे तुकडे केले. लोखंडी कढईत परतली. आमसुलं घातली, मग कडेनं वांगी, मासा, पाम तेल. शेवटी पळी उचलून बघितली. एक तार नाही! अशी भेंडी मी माझ्या लग्नानंतर सासुरवाडीलाही केली नव्हती.

दुपारी माताजी आल्या. दिल्लीच्या रिवाजानं मी त्यांना माताजीच म्हटलं. उंच, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, चाल अशी की ड्रायक्लीनरसुद्धा बाहेर येऊन उभा राहिला. मॅडम कपाटात बॅग ठेवायला गेल्या तेवढ्यात मी स्वतः ताट वाढलं. माताजींनी वाडग्यात हात धुतला, बांकूचा तुकडा मोडला, भेंडीत बुडवला आणि हात वर नेला.

हात वर गेला, पण मागून काहीच आलं नाही.

त्यांनी पुन्हा बुडवला. या वेळी हात डोक्याच्याही वर नेला आणि थांबल्या. मग वाडगा उचलून त्याच्या खाली बघितलं, जणू तार तिथे सांडली असेल. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी वाडग्यात बघितलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. माताजी त्यांच्या भाषेत हळू आवाजात एक वाक्य बोलल्या.

"दत्ता जी," मॅडम म्हणाल्या, "मां पूछ रही हैं, इसको मारा किसने?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो. "मैंने, मॅडम."

"क्यों?"

"तार आ रही थी, मॅडम."

"तार ही तो भिंडी है!"

मग सगळं बाहेर आलं. घानात भेंडीची तार जितकी लांब, तितकी करणारीची शाबासकी. सोडा घालायचा तो तार वाढावी म्हणूनच. गिऱ्हाइकं सोसत नव्हती, मिटक्या मारत होती. मला कबूल करावं लागलं की दोन वर्षं मला वाटत होतं, मॅडमना भेंडी जमत नाही.

"दो साल से आप मुझ पर तरस खा रहे थे?"

"जी."

मॅडमना हसू फुटत होतं, पण आईकडे बघून ते विरलं. माताजी हसल्या नाहीत. त्यांनी वाडगा बाजूला सारला, बांकू पाण्याबरोबर खाल्ला आणि मुलीला काहीतरी म्हणाल्या. मॅडमनी मला त्याचा अर्थ सांगितला नाही. पण त्या परत न्यायच्या सामानाची यादी करायला बसल्या, तेव्हा मला तो कळला.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा मॅडम ओट्याशी उभ्या होत्या. रविवारी इथल्या घानाच्या चाळीस मंडळींचं जेवण ठरलेलं होतं. वाचे करायचा होता. चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवलेला तांबूस भात, त्यांच्याकडे सकाळचा नाश्ता.

"वो भी मां को मरा हुआ ही लगेगा," त्या म्हणाल्या. "उसमें एक पत्ता डालते हैं, रंग और खुशबू के लिए. यहां मिलता नहीं. मैं सोडा डालती हूं. मां एक नज़र में पकड़ लेंगी."

"कौन सा पत्ता?"

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. सुकलेली, लांब, तांबडे डाग पडलेली पानं, जुडी बांधून बाजारात विकायला ठेवलेली. मी फोटो मोठा करून बघितला, पुन्हा बघितला.

"मॅडम," मी म्हटलं, "ये तो कडबा है."

घरी पोचल्या पोचल्या गावी थोरल्या भावाला फोन लावला. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

"नाना, थोडा कडबा पाहिजे."

"दिल्लीत म्हस घेतलीस व्हय रं?"

"नाही. माणसांना खायला पाहिजे."

नाना गंभीरपणे म्हणाले, "शालनकडं फोन दे."

शालननं त्यांची समजूत काढली. मी ठीक आहे, जेवतो, झोपतो, औषधं कसलीही चालू नाहीत वगैरे. ऋतुजा मध्येच विचारत होती, "बाबा, कडबा मतलब? वो यार, कोई स्पाइस है क्या?" मी पुन्हा फोन घेतला आणि सांगितलं, ज्वारीच्या ताटाला घट्ट लपेटलेला पानाचा जो खालचा भाग असतो ना, तोच हवा, आणि तांबडे-जांभळे डाग पडलेलाच. नाना म्हणाले, "डागाळलेला तर आमी म्हशीपुढंच टाकतो." पण दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर वहिनींना घेऊन ते गंजीपाशी बसले आणि एकेक पान बघून पोतंभर निवडलं.

आता ते दिल्लीला यायचं कसं? छावणीतल्या मराठी माणसांची एक रीत आहे. सुटीवरून परत येणारा जवान फक्त स्वतःचं सामान कधीच आणत नाही. कुणाची चटणी, कुणाचं तूप, कुणाच्या बाळंतिणीचे लाडू, सगळं त्याच्या पेटीत येतं, आणि तो कधी नाही म्हणत नाही, कारण उद्या त्याचंही सामान कुणीतरी आणणार असतं. शेजारच्या गावचा लान्स नायक गोरख गुरुवारी साताऱ्याहून गाडीत बसणार होता. नाना मोटारसायकलवर पोतं घेऊन स्टेशनवर गेले.

शनिवारी सकाळी गोरख निजामुद्दीनला उतरला आणि बाहेर पडताना अडवला गेला. पोत्यात सुकी पानं, वर तांबडे डाग, शंका येणारच.

"क्या है ये?"

"पत्ते हैं, साहब. ज्वारी के."

"किसके लिए?"

"अफ्रीका वालों के लिए."

इथे गोरखनं थोडं कमी खरं बोलायला हवं होतं. तिघे जण जमले, पानं हुंगून झाली. शेवटी एक वयस्कर हरियाणवी शिपाई आला. त्यानं एक पान चुरगाळलं आणि म्हणाला, "अरै, यो तो कड़बी सै. जाण दे, भैंस भूखी होगी."

पोतं घेऊन मी थेट हॉटेलात गेलो. माताजी अजून मुलीच्या घरी होत्या. मॅडमनी पानं हातात घेतली, नाकाला लावली आणि खुर्चीवर बसल्या. मग आम्ही कामाला लागलो. पानं धुतली, जुड्या बांधल्या, भिजवलेल्या चवळीबरोबर पातेल्यात घातली. मला धाकधूक होती. त्यांच्याकडची ज्वारी वेगळ्या जातीची, रंग उतरला नाही तर? अर्धा तास पाणी नुसतं पिवळट राहिलं. मी मनात नानांच्या ज्वारीला शिव्या द्यायला सुरुवात केली. मग कडेनं तांबूस झाक आली, आणि हळूहळू सगळं पाणी आमसुलाच्या सारासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, कुमासीइतकं गडद नाही. पण वास तोच आहे.

वास तोच आहे हे माताजींनी जिन्यातच ओळखलं. त्या वर आल्या त्या कुणाशीही न बोलता पातेल्यापाशी गेल्या. झाकण काढलं. मग कचऱ्याच्या डब्यात हात घालून मी फेकलेलं एक पान उचललं, दातांनी चावून बघितलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सगळं सांगितलं. नाना, वहिनी, गोरख, हरियाणवी शिपाई. मॅडम एकेक वाक्य आईला सांगत होत्या. माताजींना खरं वाटेना, म्हणून नानांना व्हिडिओ कॉल लावला. नाना गोठ्यात होते. त्यांनी टोपी सरळ केली, रामराम केला आणि अभिमानानं फोन फिरवून दाखवला. दोन म्हशी तीच पानं कडाकडा खात होत्या.

माताजी किंचाळल्याच. मॅडमना हसू आवरेना. "मां कह रही हैं, ये आदमी भैंस को वाचे खिला रहा है!"

मी नानांना अर्थ सांगितला. नाना म्हणाले, "मग आणि कुणाला घालायचा? मावशींना विचार, त्यांच्याकडं म्हशीला काय घालतात?"

मावशींकडे म्हशीच नव्हत्या. मग दोघे मिळून इतके हसले की कुणाला कुणाची भाषा येत नाही हे विसरूनच गेले.

रविवारी चाळीस माणसं आली. माताजींनी पातेल्याचा ताबा घेतला, स्वतः वाढलं, आणि तिसऱ्यांदा मागायला येणाऱ्यांना रागावून चौथ्यांदाही वाढलं. सगळे गेल्यावर त्या हात पुसत आमच्या टेबलाशी आल्या. मला बसायची खूण केली. मी बसलो नाही, सवयच नाही. त्या सावकाश बोलत होत्या आणि मॅडम सांगत होत्या.

"मां कह रही हैं, मैं इसे लेने आई थी, क्योंकि मुझे लगा ये यहां अकेली है. अकेले आदमी के लिए कोई खेत में बैठकर पत्ते नहीं चुनता. कोई दो दिन रेल में बोरी लेकर नहीं बैठता. दूसरा टिकट रद्द कर दो."

मला रडू आलं. रुमाल नव्हता म्हणून भेंडी पुसायच्या फडक्यानंच डोळे पुसले.

सोमवारी दुपारी विमान होतं. सकाळी माताजी निरोप घ्यायला हॉटेलात आल्या आणि मुलीच्या कानाशी लागल्या. मॅडम आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"दत्ता जी, मां पूछ रही हैं... वो मरी हुई भिंडी थोड़ी और बना दोगे? रास्ते के लिए."

मंगळवारी बाजूला सारलेला तो वाडगा मॅडम यादी करत असताना माताजींनी सगळा संपवला होता. आम्हाला वाटलं होतं टाकून दिला. मी तासभर एकेक भेंडी पुसली. माताजी शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या, आणि शेवटची पावभर त्यांनी स्वतः पुसली.

आता आमच्या मेन्यूवर दोन्ही भेंड्या आहेत, जिवंत आणि मेलेली. माताजींनी मला कुमासीला बोलावलं होतं. मी पासपोर्टही काढला, पण मग गुडघे दुखायला लागले, आणि तो कपाटातच आहे. याची मात्र रुखरुख वाटते. परवा मॅडमच्या फोनवर त्या दिसल्या. त्यांच्या खाणावळीत ही भेंडी आता रोज असते. नवं गिऱ्हाईक बांकू बुडवतं, हात वर नेतं, तार शोधतं, वाडग्याखाली बघतं आणि ओरडून विचारतं, हिला मारलं कोणी? आणि माताजी खुर्चीवरून न उठता सांगतात, "दत्तानं. दिल्लीत असतो."